शेवटचा ठोसा सगळे बघतात, त्याच्या आधीचा कोण बघतं? बॉक्सिंगमधल्या खऱ्या कारागिरीच्या लढती

दोरखंड

२५ जुलै २०२३, मंगळवार. आपल्याकडे अजून ऑफिसं सुटायची होती आणि तिकडे तोक्योच्या आरिआके अरीनात नाओया इनोउए विरुद्ध स्टीफन फुल्टन लढतीचा आठवा राउंड चालू झालेला. फुल्टन २१ लढती खेळलेला आणि एकही न हरलेला, दोन बेल्ट त्याच्याकडे, आणि इनोउए खालच्या वजनातून नुकताच १२२ पौंडांत आलेला, त्यामुळे बरेच जण म्हणत होते की फुल्टन उंचीच्या आणि लांब हातांच्या जोरावर त्याला जवळ येऊच देणार नाही.

आठव्यात काय झालं बघा. इनोउए गुडघ्यात वाकला आणि पोटावर एक जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, टाकला. फुल्टनचं लक्ष खाली गेलं, आणि तेवढ्यात त्याच लयीत वरून उजवा हात सरळ तोंडावर. फुल्टन मागे झोकांडी खात गेला आणि तो सावरायच्या आत इनोउएनं झेप घेऊन डावा हुक (बाजूनं वळवून येणारा ठोसा) मारला. खाली. तरी उठला तो, पण मग दोरांना टेकवून अशी सरबत्ती झाली की रेफरीला मध्ये पडावंच लागलं.

मी ती क्लिप किती वेळा बघितली असेल याचा हिशेब नाही, आणि प्रत्येक वेळी माझं मन त्या पोटावरच्या जॅबवर जातं. फार जोरात लागलेला नाहीये तो. पण त्याच्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. आणि आधीच्या राउंडमध्ये पण इनोउए मधूनमधून पोटावर जॅब टाकतच होता, म्हणजे फुल्टनला सवय लावली होती त्यानं, की हा हात खाली गेला म्हणजे पोटावरच येणार.

म्हणून धागा काढला. हायलाइट्समध्ये पडलेला माणूस दिसतो, पण त्याला कसा आणला तिथपर्यंत ते कापून टाकलेलं असतं. तुम्हाला आवडलेल्या अशा लढती लिहा जिथे ठोसा *घडवलेला* दिसतो. दोघांनी एकमेकांना नुसतं बडवलेलं नको, त्यातही हिंमत असते मान्य, पण ती वेगळी गोष्ट.

लाल_माती

सुंदर लिहिलंय. बॉक्सिंग मी फार बघत नाही पण हे वाचून आमच्या तालमीतलं आठवलं. पट काढायचा असेल तर वस्ताद आधी मानेवर हात टाकायला लावायचे, मान खाली ओढायची, समोरचा साहजिकच डोकं वर करून ताठ होतो, आणि तो ताठ झाला की पाय मोकळे. ज्यानं मानेवर जोर लावलाय त्याचं लक्ष पायावर आहे हे समोरच्याला कळतच नाही. पोटावर जॅब आणि वर राइट म्हणजे अगदी तेच की. कबड्डीत हूल देतात ना, तसं. फक्त इथे हूल पण लागते आणि मागून येणारं पण लागतं.

जुना_गडी

या विषयावर पहिलं नाव शुगर रे रॉबिन्सनचं यायला हवं. १ मे १९५७, शिकागो स्टेडियम, समोर जीन फुलमर. जानेवारीतच न्यूयॉर्कला फुलमरनं त्याला हरवून मिडलवेटचा किताब घेतलेला. रॉबिन्सन छत्तिशीला टेकलेला, लोक म्हणत होते आता संपला. आणि फुलमर हा काही नाजूक माणूस नाही, बैलासारखा अंगावर येणारा, तोपर्यंत कोणी त्याला नॉकआऊट केलेलं नव्हतं.

पाचव्या राउंडमध्ये रॉबिन्सननं उजव्या हातानं बरगड्यांवर मारलं. फुलमरचं ध्यान तिकडे. आणि पुढच्या क्षणी डावा हुक हनुवटीवर, इतका छोटा आणि इतका अचूक की फुलमर जणू कोणी दिवा मालवावा तसा विझला. विशेष म्हणजे रॉबिन्सन तेव्हा पुढे झेपावत नव्हता, मागे सरकत होता. मागे जाताना पायात जोर राहत नाही, तिथून एवढा ताकदीचा हुक काढायचा म्हणजे कंबर आणि पुढचा पाय किती पक्का हवा याचा विचार करा. शुद्धीवर आल्यावर फुलमरला आपण बाद झालोय हेच उमगेना. जुने जाणकार याला आजही 'परफेक्ट पंच' म्हणतात आणि मला तरी त्यात काही अतिशयोक्ती वाटत नाही.

ठाण्याची_सायली

वाचतेय, मस्त चाललंय. एक प्रश्न बरेच दिवस आहे. डोक्यावर लागल्यावर माणूस पडतो ते समजतं, पण पोटात एक ठोसा बसल्यावर हे एवढे दणकट लोक गुडघ्यावर का बसतात? आणि काही वेळा लागल्यावर एक क्षण उभे असतात आणि *मग* बसतात. नाटक तर नसणार.

डॉ_वैशाख

नाटक अजिबात नाही. तो बहुतेक वेळा लिव्हर शॉट असतो. यकृत आपल्या उजव्या बाजूला, खालच्या बरगड्यांच्या आड असतं, मोठा आणि जड अवयव, थोडा भाग बरगडीच्या खाली येतो. समोरच्याचा डावा हुक बरोबर तिथे कोपर वर असताना घुसला की यकृताला हादरा बसतो, त्याच्यावरच्या आवरणाला मज्जातंतूंचं जाळं असतं ते ताणलं जातं, आणि शरीराची जी आपोआप चालणारी यंत्रणा आहे ती एकदम उलटी फिरते. रक्तदाब पडतो, श्वास अडकतो, पायातलं बळ जातं. याला एखादा क्षण लागतो, म्हणून तुम्ही म्हणता तो उशीर.

डोक्याच्या ठोशापेक्षा हे वेगळं अशासाठी की इथे माणूस पूर्ण शुद्धीत असतो. त्याला उठायचं असतं, रेफरीचे आकडे ऐकू येत असतात, पण शरीर ऐकत नाही. इच्छाशक्तीचा यात काही संबंध नाही हे लोकांनी समजून घ्यायला हवं. प्रेक्षक "उठ की" म्हणून ओरडतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

भवानीपेठकर

डॉक्टर, अगदी अगदी. मी स्वतः अनुभवलंय म्हणून लिहितो. कॉलेजात असताना तीन वर्षं बॉक्सिंग केलं, पत्र्याच्या शेडमधला छोटा हॉल, खाली कोबा, वरून दोन बॅगा टांगलेल्या आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरांनी एक सुतळी बांधलेली. त्या सुतळीखालून डोकं डावीकडे उजवीकडे काढत चालायचं, महिनाभर तेच. हाताला पट्ट्या गुंडाळायला शिकायलाच आठवडा गेला, अंगठ्याला अडकव, मनगटाला तीन वेढे, मग बोटांमधून, पुन्हा मनगट, सैल बांधली तर सर उकलून पुन्हा करायला लावायचे.

एकदा माझ्यापेक्षा बारा-तेरा किलोनं हलक्या पोराबरोबर हलकं स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत होती. तो सारखा वर, कपाळाच्या दिशेनं टपटप जॅब मारत होता, लागत पण नव्हते, मी आपला हात वर करून अडवतोय. चौथ्या की पाचव्या वेळी त्याचा डावा हात तसाच निघाला, मी तसाच हात वर केला, आणि तो खाली वळला. माझा उजवा कोपर कानापाशी होता. पहिल्या क्षणी वाटलं काही विशेष नाही. मग आतून कोणीतरी फडकं पिळावं तसं पिळलं गेलं, आणि मी कोब्यावर गुडघे टेकून बसलेलो. समोर त्याच्या बुटाची सुटलेली नाडी दिसत होती हे अजून आठवतं. डोकं एकदम स्वच्छ. श्वास मात्र येईना.

सर आले, म्हणाले "कोपर कुठं होता?" बस. तेवढंच. त्यानंतर दोरखंड म्हणतात ते मला कळलं, की ते चार जॅब लागले नाहीत म्हणून मी खूश होतो, पण ते लागण्यासाठी नव्हतेच.

रिंगसाईड

@भवानीपेठकर शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवावं असं आहे.

लिव्हर शॉटचाच विषय आहे तर इनोउएचीच दुसरी लढत. ७ नोव्हेंबर २०१९, सायतामा, समोर नोनितो डोनेअर. दुसऱ्याच राउंडमध्ये डोनेअरच्या डाव्या हुकनं इनोउएच्या उजव्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. त्याला दोन-दोन डोनेअर दिसत होते, आणि तो काय करायचा तर मध्ये मध्ये उजवा ग्लोव्ह त्या डोळ्यापाशी नेऊन एका डोळ्यानं बघायचा. असा पूर्ण लढत खेळला. आणि अकराव्यात डावा हात बरोबर यकृतावर. डोनेअर आधी वळून चालायला लागला, रिंगमध्ये अर्धी फेरी मारली, आणि मग गुडघ्यावर बसला. सायली, तुम्ही विचारलेला उशीर तो हाच. दहाच्या आत कसाबसा उठला आणि बारावा राउंड पण खेळला, त्या माणसाला सलाम.

त्याच्या आधी ३० डिसेंबर २०१४ ला ओमार नार्वाएझ. अर्जेंटिनाचा अनुभवी चॅम्पियन, तोपर्यंत कधी कोणी त्याला थांबवलेलं नाही. इनोउए २१ वर्षांचा. दुसऱ्या राउंडमध्ये संपलं, आणि शेवटचा ठोसा पुन्हा डावा हात बरगड्यांखाली. लढत झाल्यावर नार्वाएझच्या कॉर्नरनं, म्हणजे त्याच्या कोच-मदतनिसांनी, येऊन इनोउएचे ग्लोव्हज तपासले, आत काही भरलंय का म्हणून. काही नव्हतं. नार्वाएझ डावखुरा म्हणजे साउथपॉ होता हेही लक्षात घ्या, साउथपॉचा उजवा भाग पुढे असतो, म्हणजे यकृत समोरच्याच्या जास्त जवळ येतं.

एडिसनवासी

मी मुहम्मद अलींशिवाय हा धागा पुढे जाऊ देणार नाही. १४ नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, क्लीव्हलंड विल्यम्स. हेवीवेट माणूस असा नाचत, मागे जाताना, बाजूला जाताना, कुठूनही ठोसा काढतोय आणि प्रत्येक ठोसा पोचतोय, हे त्याआधी कोणी बघितलं नव्हतं. दुसऱ्या राउंडमध्ये विल्यम्स तीनदा खाली, तिसऱ्यात लढत संपली. त्यात ते पायांचं शफल, पाय झटपट मागेपुढे करणं. अलींचा पूर्ण ऐन बहर बघायचा असेल तर हीच लढत.

जुना_गडी

@एडिसनवासी अलींवर माझंही प्रेम आहे पण या लढतीबद्दल मला नेहमी टोचतं. विल्यम्सला १९६४ साली टेक्सासमध्ये एका पोलिसानं गोळी घातली होती. पोटात. अनेक ऑपरेशनं झाली, एक किडनी काढावी लागली, गोळी शरीरातच राहिली. तो माणूस रिंगमध्ये परत आला हेच आश्चर्य. एकेकाळी तो भयंकर पंचर, म्हणजे जबर ठोसे मारणारा होता, पण अलींसमोर उभा होता तो अर्धा विल्यम्स होता. समोर प्रश्नच विचारणारा कोणी नसेल तर उत्तर किती सुंदर आहे हे कसं ठरवायचं?

एडिसनवासी

मान्य. विल्यम्सची गोष्ट मला माहीत होती तरी लिहिली नाही, लिहायला हवी होती. पण एक सांगतो, मी लढत म्हणून नाही, हात बघायला म्हणून ती बघतो. गायकाचा रियाज ऐकतो तसं. ठोसा कुठून निघतोय, पाय कुठे आहे, खांदा कधी फिरतोय. तेवढ्यापुरती ती मला अजून सगळ्यात शुद्ध वाटते.

जुना_गडी

रियाजाचं म्हणाल तर पटलं.

मग मैफल कुठली ते सांगतो. जो लुईस आणि मॅक्स श्मेलिंग, दुसरी लढत. १९३६ ला पहिली झाली तेव्हा श्मेलिंगनं लुईसच्या फिल्म बसून बघितल्या होत्या आणि त्याच्या एक गोष्ट लक्षात आली, लुईस जॅब मारल्यावर डावा हात सरळ मागे न आणता खाली सोडतो. बस, त्या फटीतून त्यानं रात्रभर उजवा हात घातला. चौथ्यात लुईस खाली, बाराव्यात नॉकआऊट. आयुष्यातला पहिला पराभव.

२२ जून १९३८, पुन्हा यांकी स्टेडियम, सत्तर हजारांवर लोक. एव्हाना लुईस जगज्जेता होता आणि श्मेलिंग नाझी पक्षाचा सभासद नसतानाही हिटलरच्या जर्मनीनं त्याला आपला मोहरा केलेला, त्यामुळे एका कृष्णवर्णीय अमेरिकनावर त्या रात्री किती ओझं असेल ते बघा. १२४ सेकंदांत संपलं. लोक एवढंच सांगतात, १२४ सेकंद. पण बघा तर त्यात घाई नाहीये. हात छोटे, सहा-आठ इंच जाणारे, वर, खाली, पुन्हा वर. दोरांवर श्मेलिंग वळला आणि उजवा ठोसा त्याच्या पाठीच्या बाजूला बसला, मणक्याला दुखापत झाली, तो ओरडलेला लांब बसलेल्यांना ऐकू गेला. क्रूर आहे ते, मी सुंदर म्हणणार नाही. पण दोन वर्षांपूर्वी दाखवलेली ती फट यावेळी सापडली नाही हे मला सगळ्यात मोठं वाटतं. जॅक ब्लॅकबर्नसारखा कोच मागे असला की असं होतं.

लाल_माती

दोन वर्षं एका हाताची एक सवय मोडायला. मोठी गोष्ट आहे. अंगात मुरलेली खोड जाणं डाव शिकण्यापेक्षा अवघड.

ठाण्याची_सायली

मेरी कोमचं नाव अजून कसं नाही आलं? २४ नोव्हेंबर २०१८, दिल्ली, ४८ किलोची फायनल, समोर युक्रेनची हाना ओखोता. मेरीपेक्षा उंच आणि कितीतरी लहान. पाचही पंचांचा कौल तिला, ५-० नं जिंकली, सहावं विश्वविजेतेपद, आणि तेव्हा ती ३ मुलांची आई. नॉकआऊट नाही काही नाही, पण तुम्ही सगळे म्हणताय ती कारागिरी मला तिच्यात दिसते. अर्धं पाऊल पुढे जाऊन समोरचीला ठोसा मारायला *लावायचं*, तो हवेत गेला की आत शिरायचं, दोन मारायचे आणि बाजूनं बाहेर. मी आईबरोबर बघत होते टीव्हीवर, आईला बॉक्सिंगचं ओ की ठो कळत नाही पण मध्येच म्हणाली, "ही त्या पोरीला बोलावतेय बघ." तेच तर.

दोरखंड

@सायली तुमच्या आईंनी एका वाक्यात अख्खं काउंटर पंचिंग, समोरच्याच्या ठोशालाच उलटा ठोसा देणं, सांगितलं. "बोलावतेय". मी हा शब्द इथून पुढे वापरणार.

आणि बोलावण्यावरून मार्केझ आणि पॅकियाओ यांची चौथी लढत आठवली. ८ डिसेंबर २०१२ ची लास व्हेगासची रात्र, आपल्याकडे रविवारची सकाळ. २००४ ला पहिल्या लढतीत पहिल्याच राउंडमध्ये पॅकियाओनं हुआन मॅन्युएल मार्केझला तीनदा पाडलं होतं तरी ती बरोबरीत सुटली, मग २००८ आणि २०११ दोन्हीचा निकाल पॅकियाओच्या बाजूनं, दोन्ही वेळा वाद. म्हणजे आठ वर्षं आणि छत्तीस राउंड हा माणूस एकाच प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करत होता. चौथीत तिसऱ्या राउंडला मार्केझनं त्याला पाडलं, पाचव्यात पॅकियाओनं मार्केझला पाडलं, सहाव्यात मार्केझचं नाक रक्तानं भरलेलं, सगळ्यांना वाटलं आता पॅकियाओच संपवणार. राउंडचा शेवटचा सेकंद. पॅकियाओ नेहमीसारखा हूल देत आत आला, आणि मार्केझचा उजवा हात आधीच निघालेला होता. घड्याळ २:५९. पॅकियाओ तोंडावर पडला आणि हललाच नाही, माझ्या हातातली पोह्यांची डिश तशीच राहिली.

तो ठोसा बघून मारलेला नाही, तेवढा वेळच नव्हता. तो कुठे येणार हे माहीत असल्यावरच असा हात निघतो.

पक्का_चाहता

सगळे टायसनला विसरले का? त्याला नुसता ताकदवान म्हणून सोडून देतात याचं मला फार वाईट वाटतं. त्याचा गुरू कस डॅमॅटो, त्याच्या जिममध्ये गादी गुंडाळलेली एक बॅग होती, तिच्यावर डोकं, जबडा, यकृत, बरगड्या असे आकडे लिहिलेले, आणि आकडे पुकारले की त्या क्रमानं मारायचे. पोरगेल्या वयात हजारो वेळा. म्हणून त्याचा तो उजवा हुक बरगडीवर आणि लगेच *त्याच* हाताचा अपरकट (खालून वर येणारा ठोसा) हनुवटीवर इतका बेमालूम यायचा. बरगडीवर लागलं की कोपर खाली येतो आणि अपरकटला वाट मोकळी. २२ नोव्हेंबर १९८६ ला ट्रेवर बर्बिकला दुसऱ्या राउंडमध्ये हरवून २० व्या वर्षी जगज्जेता झाला, शेवटच्या हुकनंतर बर्बिक उठायला जातोय आणि परत पडतोय, परत उठतोय, परत पडतोय.

रिंगसाईड

टायसनबद्दल शंभर टक्के सहमत.

दोन झटपट. चावेझ विरुद्ध एडविन रोसारिओ, १९८७, लास व्हेगास. चावेझ खालच्या वजनातून वर आलेला आणि रोसारिओ जबरदस्त पंचर, तर चावेझ लांब राहायचं सोडून त्याच्या छातीला चिकटूनच लढला, डोक्याला डोकं लावून, पोटावर पोटावर पोटावर, अकराव्यात थांबवली. आणि गोलोव्किन विरुद्ध लेमियू, ऑक्टोबर २०१५, दोघेही नॉकआऊट करणारे म्हणून गाजलेले आणि गोलोव्किननं ती लढत जवळजवळ नुसत्या जॅबवर खेळली. आठव्यात थांबली. ज्यांना जॅब म्हणजे फक्त अंतर मोजायची पट्टी वाटते त्यांनी जरूर बघा.

भवानीपेठकर

काल रात्री दोरखंड यांनी सांगितलेला फुल्टनचा आठवा राउंड परत बघितला, आवाज बंद करून, आणि इनोउएकडे न बघता फक्त फुल्टनच्या ग्लोव्हजकडे बघत. तुम्ही पण बघा, वेगळीच लढत दिसते. कोणाला मारतोय ते सोडा, कोणाचा हात कधी हलतोय तेवढंच बघायचं.

मी आता जवळच्या मैदानावर शनिवार-रविवार सात-आठ पोरांना शिकवतो, फार काही नाही, पॅड धरतो आणि सुतळी बांधतो. पोरांना सगळ्यांना पहिल्या दिवसापासून हुक मारायचा असतो. या शनिवारी ठरवलंय, अर्धा तास नुसता पोटावरचा जॅब. गुडघ्यात वाकायचं, कंबरेत नाही, नजर समोरच्याच्या छातीवर, उजवा हात गालाला, आणि डावा हात गेला त्याच वाटेनं परत वर. खाली सोडला की मी पॅडनं कानावर टपली देणार.